नकळत, बेसावध, सहज

(अकादमीच्या वार्षिक लेखन-कार्यशाळेत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती काढून मजकूर येथे दिला आहे.)



लेखनाच्या कार्यशाळेत फोटोविषयी बोलायला मला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. मी बडोद्याचा. नोकरीची सगळी वर्षे मराठी शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि रविवार फोटो काढण्यात गेले. दोन्हींत फार नाव मिळवले असे नाही. पण दोन्हींमध्ये एकच अडचण वारंवार आली, आणि ती लिहिणाऱ्यांनाही येत असावी असे वाटते. म्हणून आमंत्रण स्वीकारले.

सुरुवात एका लग्नापासून करतो. मागच्या वर्षी आमच्या नात्यात एक लग्न झाले. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे दोन फोटोग्राफर होते. एक नेहमीचा, म्हणजे स्टेजसमोर उभा राहून सगळ्यांना ओळीत उभे करणारा. दुसरा ‘कॅन्डिडवाला’. त्याचे पैसे वेगळे. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून मठ्ठा पीत होतो. हा मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “काका, कॅमेरा सामे नहीं जोवानुं, कॅन्डिड छे.” मी आज्ञाधारकपणे दुसरीकडे पाहिले. त्याने फोटो काढला, मागच्या पडद्यावर पाहिला आणि म्हणाला, “काका, पुन्हा एकदा प्या. जरा हसत.” मठ्ठा संपला होता. मी रिकामा पेला तोंडाला लावून हसलो. तो फोटो आता अल्बममध्ये आहे. सगळे म्हणतात, किती नैसर्गिक आलाय!

घरी आल्यावर मी या ‘कॅन्डिड’ शब्दामागे लागलो. आपल्या भाषेत त्याला काय म्हणायचे? ‘पोज’ हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला. ‘पोज दिली’, ‘पोज घेऊन उभा राहिला’ असे आपण घरात बोलतो. पण पोज न देता आलेल्या फोटोला एक ठरलेला मराठी शब्द नाही. कुणी ‘नकळत टिपलेला’ म्हणते, कुणी ‘बेसावध क्षणीचा’, कुणी ‘सहज काढलेला’. हे तीन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, पण तसे नाहीत. माझे आजचे भाषण म्हणजे या तीन शब्दांमधले अंतर आहे, असे म्हटले तरी चालेल.

आधी क्रियापदे पाहू. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावे, पायातून काटा काढावा, तसा. हिंदीत तो ‘खींचते हैं’, म्हणजे ओढतात. गुजरातीत फोटो ‘पाडतात’, आणि आम्ही बडोद्याचे मराठी लोक गुजरातीच्या सहवासाने बिनदिक्कत ‘फोटो पाडला’ म्हणतो. पुण्याचा पाहुणा हे ऐकून आधी जमिनीकडे बघतो. ‘टिपणे’ हे तर पाखराचेही काम आहे आणि बंदुकीचेही. काढणे, ओढणे, पाडणे, टिपणे. चारही क्रियापदांत एकाच्या हातात सगळे काही आहे आणि दुसऱ्याकडून काहीतरी जात आहे. भाषा बोलणाऱ्यांनी हे मुद्दाम ठरवले नसेल, पण त्यांना ते कुठेतरी जाणवले असावे.

हे जाणवणे आमच्या गावात एकदा मोठ्याने बोललेही गेले होते. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आपल्याला माहीत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याच्या बऱ्याच आधी त्यांनी गोध्र्याला आणि पुढे बडोद्यात फोटोग्राफीचा व्यवसाय करून पाहिला. त्यांच्या चरित्रात सांगतात, की बडोद्यात तो नीट चालला नाही, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो, असा समज लोकांत पसरला होता. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी खूप हसलो होतो. आता तितकेसे हसू येत नाही. समज चुकीचाच होता. पण कॅमेऱ्यासमोर आपले काहीतरी पणाला लागते, एवढे त्या माणसांनी बरोबर ओळखले होते.

आता पोज कुठून आली ते पाहू, म्हणजे पोज नसणे म्हणजे काय ते कळेल. पोज ही माणसाच्या दिखाऊपणातून आली नाही. ती यंत्राची गरज होती. १८३८च्या सुमारास लुई दागेर याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. दिवसाउजेडी घेतलेला, वर्दळीच्या रस्त्याचा फोटो. पण त्यात रस्ता रिकामा दिसतो. प्रकाश पडून चित्र उमटायला काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात चालणारी माणसे, धावणाऱ्या घोडागाड्या यांचा कसलाही ठसा उमटत नसे. फक्त कोपऱ्यावर एक माणूस दिसतो. तो बुटाला पॉलिश करून घेत होता, म्हणून एका जागी उभा होता. माणूस दिसतो अशा सर्वांत जुन्या फोटोंमध्ये याची गणना होते. त्याला वरच्या खिडकीतल्या कॅमेऱ्याची काहीही कल्पना नव्हती. म्हणजे पाहा, पोज न दिलेला माणूस फोटोत आला, पण केवळ तो हलला नाही म्हणून!

पुढे स्टुडिओ आले. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. त्या काळच्या फोटोंत आपले पूर्वज इतके गंभीर दिसतात, कारण हसू तेवढा वेळ टिकवता येत नाही. लाला दीनदयाळ यांची फोटोग्राफी इंदूरला सुरू झाली, पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. त्यांनी काढलेली राजेरजवाड्यांची चित्रे पाहा. काय रुबाब, काय नेमकेपणा! पण त्या चित्रांत कुणी शिंकत नाही. मग कोरड्या काचा आल्या, प्रकाश टिपण्याचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. १८८८मध्ये कोडॅकचा हातात धरायचा पेटीकॅमेरा आला, १९२५मध्ये खिशात मावेल असा लायका बाजारात आला. यंत्राला आता माणसाने स्थिर उभे राहण्याची गरज उरली नाही. पण सवय गेली नाही. आपल्या घरातल्या बायका फोटो म्हटला की आजही पदर सारखा करतात, पुरुष पोट आत घेतात आणि लहान मूल ‘चीज’ म्हणते. मानेमागची ती लोखंडी सळई आता आपल्या मनात आहे.

‘कॅन्डिड’ शब्दाची गोष्ट याच काळातली. तो लॅटिनमधल्या ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढरे वस्त्र नेसत असे, म्हणून ‘कॅन्डिडेट’. पांढरा म्हणून निर्मळ, निर्मळ म्हणून मनात काही न ठेवणारा. १९३०च्या आसपास एरिक सालोमन या जर्मन छायाचित्रकाराच्या कामाला लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने ‘कॅन्डिड कॅमेरा’ म्हटले आणि शब्द फोटोग्राफीत रुळला. या सालोमनने कोर्टात फोटो काढायला बंदी असताना टोपीत कॅमेरा लपवून खटल्याचे फोटो काढले होते. म्हणजे नाव निर्मळाचे आणि करणी लपवाछपवीची. शब्दातच हा पेच आहे.

असाच एक पेच आणखी एका नावात आहे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे पुस्तक १९५२मध्ये आले. इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘द डिसायसिव्ह मोमेंट’, म्हणजे निर्णायक क्षण. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गात हा शब्दप्रयोग मंत्रासारखा म्हटला जातो. पण मूळ फ्रेंच नाव वेगळेच आहे: ‘इमाज आ ला सोव्हेत’. हा वाक्प्रचार परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्यांसाठी वापरतात. एक डोळा गिऱ्हाइकावर, एक डोळा पोलिसावर, केव्हाही गाठोडे उचलून पळायची तयारी, अशा घाईघाईने केलेल्या विक्रीला तसे म्हणतात.

हे वाचले तेव्हा मला आमचा मंगळबाजार आठवला. तिथे जमिनीवर प्लास्टिक अंथरून टिकल्या, कानातली, मोजे विकणारे बसतात. महानगरपालिकेच्या दबाणशाखेची गाडी आली, अशी कुजबूज कोपऱ्यावरून निघते आणि क्षणात चारही टोके वर उचलली जातात, बाजाराचे गाठोडे होते आणि माणूस गल्लीत दिसेनासा होतो. फ्रेंच नाव त्या माणसाचे आहे. त्यात फोटो काढणाऱ्याने स्वतःला जरा खाली, रस्त्यावर, परवाना नसलेल्यांच्या ओळीत बसवले आहे. इंग्रजी नावात तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसला. भाषांतराच्या विद्यार्थ्यांनी या दोन नावांचा विचार जरूर करावा.

मीही बरीच वर्षे त्या खुर्चीवर बसलो होतो. ती गोष्ट आता सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

१९८३ची गोष्ट. आम्ही दांडिया बाजारातल्या एका वाड्यात राहत होतो. माझ्याकडे एक जुना झेनिट होता. रशियन कॅमेरा, वजनाला वरवंटा आणि शटरचा आवाज दार आपटल्यासारखा. ओर्वोचे कृष्णधवल रोल मिळत. आमच्या मागच्या बिऱ्हाडात एक काकू एकट्या राहत. यजमान वारलेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला. काकू म्हणजे वाड्याचा शिस्तीचा पेटारा. सकाळी सातला नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या दिसत, ती रात्री दिवा मालवेपर्यंत तशाच. कुणासमोर पाय पसरून बसल्या नाहीत. फोटो काढायचा म्हटला की उभ्या राहत त्या थेट शाळेच्या तपासणीला आल्यासारख्या.

एका जानेवारीत दुपारी मी त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. दार नेहमी उघडे असे. काकू ओट्यावर उन्हात बसल्या बसल्या झोपल्या होत्या. नुकत्याच न्हाल्या होत्या. पांढरे केस मोकळे सोडलेले, पाय पसरलेले, तोंड किंचित उघडे. शेजारी वाटीत पाण्यात कवळी काढून ठेवलेली. कडुनिंबातून ऊन त्यांच्या कपाळावर आणि त्या वाटीवर एकाच वेळी पडले होते. मी घरी जाऊन कॅमेरा आणला. एकच फोटो घेतला. आवाजाने त्या किंचित हलल्या, पण जाग्या झाल्या नाहीत.

फोटो फार चांगला आला. आजही मी तो चांगलाच म्हणेन. मी तो एका स्पर्धेला पाठवला. दुसरे बक्षीस मिळाले, सभागृहात मोठा करून टांगला गेला, वर्तमानपत्रात छापूनही आला. परीक्षकांनी ‘वार्धक्याची शांती’ वगैरे म्हटले. मी काकूंना काही सांगितले नव्हते. मुद्दाम लपवले असे नाही. सांगायला हवे, हे सुचलेच नाही. हे जास्त वाईट.

कुणीतरी कात्रण त्यांना दाखवले. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मी घाबरत गेलो. त्या रागावल्या नाहीत. कात्रण चष्मा लावून पुन्हा पाहिले, माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “फोटो छान आलाय रे. पण मी दार लावलं नव्हतं ना, ते तू घरचा म्हणून.”

एवढेच बोलल्या. चहा करून दिला. दुसऱ्या दिवसापासून मागचे दार लोटलेले दिसू लागले. कडी नव्हती घातलेली, नुसते लोटलेले. त्यानंतर चार वर्षे काकू होत्या. माझ्याशी बोलणे पूर्वीसारखेच, सणाला वाटी भरून काही ना काही येई. पण ते दार मी पुन्हा उघडे पाहिले नाही.

मित्रहो, मी मघाशी ‘बेसावध’ या शब्दाविषयी म्हणालो. त्या शब्दात शिकारी आहे. सावज बेसावध असते. ‘नकळत’मध्ये निदान हिंसा नाही, पण एकाला कळते आहे आणि दुसऱ्याला नाही, ही विषमता आहे. मी काकूंना बेसावध गाठले होते. त्या बेसावध होत्या, त्याचे कारण माझे कौशल्य नव्हते. त्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास हे कारण होते. आणि मी त्या विश्वासाचे बक्षीस घेऊन आलो.

याच बडोद्यात होमाई व्यारावाला राहत होत्या. नवसारीला १९१३मध्ये जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाईबाई आयुष्याची शेवटची वर्षे आमच्या गावात एकट्या, शांतपणे जगल्या. २०११मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२मध्ये बडोद्यातच त्या गेल्या. त्यांचे नेहरूंचे फोटो आपण पाहिले असतील. विमानतळावर ‘छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई’ अशा अर्थाच्या इंग्रजी पाटीशेजारी उभे असलेले नेहरू. आणि विमानात एका परदेशी अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू, त्यांच्या स्वतःच्याही ओठांत सिगारेट. पंतप्रधान बेसावध म्हणावेत असेच हे क्षण. पण ती चित्रे पाहताना कुणी कुणाला पकडले आहे, असे वाटत नाही. होमाईबाई हातात मोठा कॅमेरा घेऊन समोर उभ्या असत, लपत नसत. त्या जवळपास रोज तिथे असत, आणि लोकांना त्यांची सवय झाली होती. १९७०मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचाच. आमच्या वेळी छायाचित्रकारांमध्ये शिस्त होती, माणसाचा मान राखण्याची रीत होती, ती राहिली नाही, अशा अर्थाचे त्या पुढे सांगत. पूर्वी मला हे जुन्या माणसाचे कुरकुरणे वाटे. काकूंच्या दारानंतर मला त्याचा अर्थ लागला.

मग काय करायचे? पोजचेच फोटो काढायचे? मला तसे वाटत नाही. माणूस आपल्या कामात, आपल्या तंद्रीत असतो तेव्हाच त्याचा खरा चेहरा दिसतो, या मताचा मी आजही आहे. फक्त तिथे पोचायची वाट बदलावी लागते. मी जी वाट शोधली ती सांगतो. विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट तांत्रिक. कॅमेरा आधी तयार ठेवा, म्हणजे माणसासमोर खटपट करावी लागणार नाही. मी ५० मिलिमीटरच्या लेन्सवर छिद्र एफ-८ ला ठेवतो, शटर सेकंदाच्या २५०व्या भागावर आणि फोकस दहा फुटांवर. मग साधारण आठ फुटांपासून तेरा फुटांपर्यंतचे सगळे पुरेसे रेखीव येते, चालता माणूसही हलत नाही. मला फक्त योग्य अंतरावर उभे राहायचे असते. मोबाइलमध्ये हे सगळे यंत्रच करते. पण ‘योग्य अंतर’ मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. लांबून दुर्बिणीसारख्या लेन्सने ओढलेला चेहरा आणि आठ फुटांवरून घेतलेला चेहरा यात फरक असतो. आठ फुटांवर तो माणूस तुम्हाला पाहू शकतो. नको म्हणू शकतो. त्याला ‘नको’ म्हणता येईल इतके जवळ जा, हा माझा नियम.

दुसरी गोष्ट वेळेची. खंडेराव मार्केटमध्ये फुलांचे हार करणाऱ्यांचे फोटो मला हवे होते. पहिले तीन रविवार कॅमेरा गळ्यात, पण काढला नाही. हार घेतला, बोललो, बसलो. चौथ्या रविवारी विचारले, “काढू का?” सगळे ताठ बसले. पोजचा एक फोटो घेतला, तो त्यांचा हक्क होता. पुढच्या वेळी त्याच्या प्रती नेऊन दिल्या. त्यानंतर मी तिथला झालो. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढणारा म्हातारा, झेंडूच्या ढिगावर डोके टेकून गृहपाठ करणारी पोरगी, हे फोटो त्यानंतरचे. त्यांना कॅमेरा दिसत होता. त्यांना त्याचे काही वाटत नव्हते, एवढेच. माहीत नसणे आणि काही न वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी गोष्ट. समूहाचा फोटो काढताना ‘झाला’ म्हणा आणि कॅमेरा डोळ्यावरून काढू नका. ‘झाला’ म्हटल्यावर सगळे श्वास सोडतात. आत्या पुतण्याच्या पाठीत धपाटा घालते, आजोबा खुर्ची शोधतात, वधू वराकडे पहिल्यांदा नीट बघते. तो दुसरा फोटोही घ्या, आणि नंतर दोन्ही दाखवा. लोक दुसराच मागतात.

चौथी गोष्ट म्हणजे देणे. ज्याचा फोटो, त्याला प्रत. आणि चारचौघांत लावण्याआधी त्याला विचारायचे. नाही म्हणाला तर नाही. यामुळे माझे काही चांगले फोटो पाकिटातच राहिले आहेत. राहू देत.

शाळेत मी एक प्रयोग केला होता. आठवीचा वर्ग, चौतीस मुले. छत्तीस फोटोंचा एक रोल आणि वर्गाचा मिळून एक साधा कॅमेरा. प्रत्येकाने एक दिवस कॅमेरा घरी न्यायचा, घरातल्या एका कामाचा एकच फोटो काढायचा आणि नंतर त्या फोटोवर दहा ओळी लिहायच्या. पुष्कळ फोटो हलले, अंधारात गेले. पण एका मुलाने आईचा फोटो आणला होता. शिवणयंत्रावर वाकलेली, तोंडात दोन टाचण्या, एक हात चाकावर. तिने कॅमेऱ्याकडे पाहिले नव्हते. मी मुलाला विचारले, “तिला ठाऊक होतं का?” तो म्हणाला, “हो सर. मी सांगितलं, फोटो काढतोय. ती म्हणाली, काढ, पण माझं काम थांबवू नकोस.” मला चाळीस प्रदर्शनांत जे कळले नाही, ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगितले. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. एकच फोटो, ही अट मात्र सोडू नका. आणि विचारल्याशिवाय नाही, हीसुद्धा.

लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे. आपण ‘व्यक्तिचित्र’ म्हणतो, त्यातही चित्रच आहे. शेजारच्या माणसाच्या लकबी, त्याची गुपिते, त्याने घरचा समजून आपल्यासमोर बोललेले शब्द, हे आपण उचलतो. कधी नाव बदलतो आणि सुटलो असे समजतो. गावातल्या चार माणसांना तो कोण ते बरोबर कळते. मराठी माणसांची वस्ती लहान असते अशा आपल्यासारख्या गावांत तर हमखास कळते. मी म्हणत नाही की लिहू नका. लिहिण्याआधी त्या दारातून आपण आत कसे आलो, एवढे आठवा.

आता काकूंच्या फोटोचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो.

काकू गेल्यावर त्यांची मुलगी सामान आवरायला आली. तेराव्यासाठी फोटो हवा होता. आपल्याकडे नेहमी जे होते तेच झाले. कुठल्याशा मुंजीतल्या समूहचित्रातून चेहरा कापून मोठा करून आणला. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहून गेला होता. चार-आठ दिवसांनी ती माझ्याकडे आली. म्हणाली, “दादा, आईचा तो एक फोटो होता ना तुमच्याकडे, उन्हात झोपलेली. तो द्याल? बाकी सगळ्या फोटोंत ती बाहेर जायला निघालेली दिसते. घरात असायची तशी एकाच फोटोत आहे.”

मी प्रत दिली. तिने तो भिंतीवर लावला नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, असे तिने नंतर कळवले. साडी काढताना रोज दिसतो.

तोच फोटो. सभागृहात तो चुकीचा होता आणि कपाटाच्या आत बरोबर आहे. मला वाटते, तिसरा शब्द इथे लागू पडतो. ‘सहज’ हा आपण ‘उगीच, कारण नसताना’ या अर्थी वापरतो. “काय आलात?” “सहज.” पण मूळ संस्कृत शब्दात ‘सह’ आहे, आणि ‘ज’ म्हणजे जन्मलेले. बरोबर जन्मलेले. मुलाच्या कॅमेऱ्यासमोर काम न थांबवणाऱ्या त्या आईचा फोटो असा दोघांनी मिळून जन्माला घातलेला होता. माझा तसा नव्हता. काकूंच्या मुलीने तो जिथे लावला, तिथे तो थोडासा झाला असावा.

‘कॅन्डिड’ला मराठी शब्द सुचवायचा झाला तर मी ‘सहजचित्र’ सुचवेन. अकादमीच्या कोशात जाईल की नाही, ते आपण पाहालच. कोशात जाण्यापेक्षा तो वापरण्याची लायकी आपल्या हातून घडावी, हे अवघड आहे.

आयोजकांनी मला पडद्यावर काही फोटो दाखवायला सांगितले होते. आता फुलवाल्यांचे, शाळेचे आणि मंगळबाजारातले असे बारा फोटो आपण पाहू. त्यातल्या प्रत्येकाची परवानगी माझ्याकडे आहे. काकूंचा फोटो त्यात नाही. हे भाषण छापताना संपादकांनी तो मागितला, तरी मी देणार नाही. आपण तो न पाहताच घरी जाल, याची मला खंत नाही. काकूंचे दार निदान आज तरी लोटलेले राहू दे.